कोड म्हणतो लीन, प्लग म्हणतात रिच : बडोद्यातल्या एका जुन्या गाडीचा चेक इंजिन दिवा

गाडी २०१४ ची. पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, चार सिलिंडर, मीटरवर एक लाख बारा हजार किलोमीटर. २०१७ मध्ये बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलेलं आणि आरसी बुकात त्याची रीतसर नोंद केलेली. मालक दांडिया बाजारात राहणारे निवृत्त शिक्षक. गाडी रोज गावातच फिरते : रावपुरा, मांडवी, खंडेराव मार्केट, आठवड्यातून एकदा मुलीकडे. वर्षातून एखाद वेळी पावागढ किंवा डाकोर. अशी गाडी घरातल्या माणसासारखी वापरली जाते आणि तिच्यावर खर्च करताना दर वेळी विचार करावा लागतो. म्हणूनच अशा गाडीवर अंदाजाने एकामागून एक पार्ट बदलले गेले की मला मनापासून वाईट वाटतं.

तक्रार सोपी होती. २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला तो जायचं नाव घेईना. कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, उडवला की दोन-तीन दिवस गाडी गप्प, मग पुन्हा दिवा. माझ्या गॅरेजमध्ये गाडी आली तोवर तिच्यावर बरंच काम झालेलं होतं. पहिल्या गॅरेजने कोड उडवून दिला आणि पेट्रोल खराब असेल म्हणून सांगितलं. किट बसवणाऱ्याने गॅसचा मॅप, म्हणजे किती गॅस सोडायचा याचं कोष्टक, थोडा बदलून दिला. दुसरीकडे पुढचा ऑक्सिजन सेन्सर नवा बसवला, थ्रॉटल बॉडी साफ केली. तिसऱ्या ठिकाणी इंजिनचा टकटक आवाज ऐकून टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) तपासले, पेट्रोल पंपाचा दर काढून दिला आणि ‘तोवर किट बंद ठेवा, पेट्रोलवरच चालवा’ असा सल्ला दिला. काकांनी तो पाळला. पेट्रोलवर गाडीचं ॲव्हरेज सोळावरून साडेतेराच्या आसपास आलं. शेवटी कुणीतरी ‘ईसीएम गेलंय’, म्हणजे इंजिनचा संगणक खराब झालाय, म्हणालं, तेव्हा ते घाबरले आणि ओळखीतून माझ्याकडे आले.

या सगळ्या मंडळींना मी दोष देत नाही. प्रत्येकाच्या अंदाजामागे काही ना काही कारण होतं. भर म्हणजे २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा ही गाडी नदीजवळच्या एका सोसायटीत चाकांचा खालचा भाग बुडेल एवढ्या पाण्यात रात्रभर उभी होती. त्यामुळे जो तो आधी वायरिंगवर संशय घेई. त्या महापुरानंतर बडोद्यात गंजलेल्या कनेक्टरच्या इतक्या गाड्या आल्या की हा संशय साहजिक होता. या गाडीत मात्र पाणी दरवाजाच्या उंबऱ्यापर्यंतही चढलं नव्हतं, आणि सेन्सरचे कनेक्टर उघडून पाहिले तर पिना स्वच्छ होत्या.

कोड उडवण्याआधी

काकांचा फोन आला तेव्हा मी एकच गोष्ट बजावून सांगितली : ‘आता कुणालाही कोड उडवू देऊ नका, दिवा लागलेलाच राहू द्या.’ दिवा स्थिर जळत असेल तर गाडी सांभाळून चालवता येते. तो लुकलुकत असेल तर मिसफायर इतका वाढलेला असतो की न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन त्याची वाट लावतं, तेव्हा गाडी थांबवायलाच हवी. इथे दिवा स्थिर होता.

कोड उडवला की नुसता आकडा जात नाही. दिवा लागला त्या क्षणी इंजिन काय करत होतं याची नोंद, जिला फ्रीझ फ्रेम म्हणतात, तीही पुसली जाते. गाडीने शिकून ठेवलेला इंधनाचा हिशेब शून्यावर येतो आणि स्वतःच्या चाचण्या तिला पहिल्यापासून सुरू कराव्या लागतात. आधीच्या सगळ्या ठिकाणी हेच झालं होतं. पुरावा दर वेळी पुसला गेला, म्हणून पुढचा माणूस पुन्हा अंदाजावर आला.

एप्रिल २०१३ पासून आपल्याकडे विकल्या गेलेल्या बीएस-४ (प्रदूषण नियमांचा भारत स्टेज ४ हा टप्पा) आणि त्यापुढच्या गाड्यांत ओबीडी-२ ही स्वतःची तपासणी यंत्रणा आहे, म्हणजे डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं आणि साध्या स्कॅनरवरही कोड, फ्रीझ फ्रेम आणि चालू आकडे दिसतात. या गाडीत एकच कोड होता, पी०१७१ : सिस्टिम टू लीन, बँक वन. म्हणजे ईसीएमच्या मते मिक्श्चर लीन आहे, हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय. फ्रीझ फ्रेममध्ये कूलंटचं तापमान ८८ अंश, इंजिनचे फेरे ७६०, गाडीचा वेग शून्य आणि इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब ३४ किलोपास्कल. थोडक्यात, इंजिन पूर्ण गरम होतं आणि गाडी उभी होती.

मी काकांना विचारलं, ‘दिवा लागतो तेव्हा गाडी कुठे असते, काही लक्षात आहे का?’

‘आहे ना. सुरसागरच्या सिग्नलला, नाहीतर न्यायमंदिरापाशी. चालत्या गाडीत लागलेला मला आठवत नाही. पण हे आत्तापर्यंत कुणी विचारलंच नाही रे.’

त्यांची आठवण आणि फ्रीझ फ्रेम एकमेकांना धरून होत्या. इथून पुढचा सगळा तपास ‘उभ्या गाडीत, गरम इंजिनात’ या दोन गोष्टींच्या आधारावर झाला.

कोड उडवल्यावर दोन-तीन दिवस गाडी गप्प का राहते, यानेही मालक आणि मिस्त्री दोघं फसतात. बहुतेक प्रदूषणविषयक कोडसाठी ईसीएमला तोच दोष लागोपाठ दोन ड्रायव्हिंग सायकलमध्ये (गाडी सुरू करून, चालवून बंद करण्याच्या फेऱ्यांत) दिसावा लागतो, तेव्हा दिवा लागतो. शिवाय पी०१७१ साठी आधी पुसलेला हिशेब पुन्हा शिकून मर्यादेपर्यंत यावा लागतो. म्हणजे कोड उडवून दोन दिवस दिवा लागला नाही, एवढ्याने दुरुस्ती झाली असं ठरत नाही. आपोआप दिवा विझायलाही लागोपाठ तीन निर्दोष सायकल लागतात, आणि स्मृतीतला कोड पुसला जायला साधारण चाळीस वॉर्म-अप, म्हणजे थंड इंजिन तितक्या वेळा पूर्ण गरम व्हावं लागतं.

ईसीएमचा हिशेब

फ्युएल ट्रिम समजली की या प्रकरणाचा अर्धा भाग समजतो. ईसीएम आत येणाऱ्या हवेचा अंदाज घेऊन इंधन सोडतं. एक्झॉस्टमधला पुढचा ऑक्सिजन सेन्सर सांगतो की जळून उरलेल्या वायूत ऑक्सिजन जास्त आहे की कमी. जास्त असेल तर ईसीएम इंधन वाढवतं, कमी असेल तर घटवतं. क्षणाक्षणाला होणारी ही दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम, आणि सवय होऊन मुरलेली दुरुस्ती म्हणजे लाँग टर्म ट्रिम. दोन्हींची बेरीज उणे-अधिक पाच टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, दहापर्यंत चालून जातं. अधिक पंचवीसच्या आसपास गेली की बहुतेक गाड्या पी०१७१ टाकतात, नेमकी मर्यादा कंपनीनुसार वेगळी असते.

यात एक गोष्ट मी गॅरेजमधल्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो. सिलिंडरच्या आत काय जळतंय ते ईसीएमला दिसत नाही. त्याला फक्त सेन्सरच्या टोकापाशी किती ऑक्सिजन आहे तेवढं कळतं. स्वयंपाकीण पळीत आमटी घेऊन चाखते, पण पळीतच आधी पाणी असेल तर आमटी अळणी लागते आणि ती पातेल्यात मीठ टाकत जाते, तसं इथे होऊ शकतं. म्हणून ‘लीन’ हा शब्द वाचला की इंजिन लीन आहे असं मी लगेच धरत नाही. सेन्सरला लीन दिसतंय, एवढंच धरतो.

दोन इंधनांची परीक्षा

सीएनजी किट असलेल्या गाडीत दिवा लागला की सगळे किटवर घसरतात आणि किटवाले गाडीवर. मला मात्र अशी गाडी तपासायला सोपी वाटते, कारण तिच्यात इंधनाच्या दोन स्वतंत्र वाटा आहेत आणि बाकीचं इंजिन एकच. पेट्रोलची वाट म्हणजे टाकी, पंप, फिल्टर, पेट्रोल इंजेक्टर. गॅसची वाट म्हणजे २०० बारपर्यंत भरलेलं सिलिंडर, दाब उतरवणारा रेड्युसर, गॅस फिल्टर, गॅस इंजेक्टरची रेल. हवा, सेन्सर, व्हॉल्व्ह, सायलेन्सर हे दोघांना सामाईक.

सिक्वेन्शियल किटमध्ये मूळ ईसीएमच मालक राहतं. ते पेट्रोल इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतं. गॅसचं ईसीएम तो वेळ वाचून आपल्या मॅपप्रमाणे गुणतं आणि तेवढा वेळ गॅस इंजेक्टर उघडतं. पेट्रोलला एक किलो इंधनामागे सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनला सुमारे १७.२. तरी ऑक्सिजन सेन्सरला कोणतं इंधन जळतंय याच्याशी घेणंदेणं नसतं, तो उरलेला ऑक्सिजनच मोजतो. त्यामुळे दोन्ही इंधनांवरच्या ट्रिम एकमेकींशेजारी ठेवून वाचता येतात. फक्त पेट्रोलवर लीन असेल तर पंप, फिल्टर, पेट्रोल इंजेक्टर पाहायचे. फक्त गॅसवर लीन असेल तर रेड्युसर, गॅस फिल्टर आणि मॅप. दोन्हींवर लीन असेल तर दोन्ही इंधनवाटा सोडून सामाईक भागाकडे वळायचं. एक पैसा न घालता अर्धे संशयित बाहेर पडतात.

एक काळजी घ्यावी लागते. या गाडीत लाँग टर्म ट्रिमची नोंद दोन्ही इंधनांना मिळून एकच आहे. इंधन बदललं की जुना हिशेब काही वेळ तसाच राहतो, म्हणून लगेच वाचलेला आकडा फसवतो. इंधन बदलून, इंजिन गरम ठेवून, आकडे स्थिरावू द्यायचे आणि दोन्ही ट्रिमची बेरीज लिहायची.

पेट्रोलवर, उभ्या गाडीत, स्लोवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू ठेवून, बेरीज अधिक २८ आली. रेस देऊन २५०० फेऱ्यांवर धरली तर हळूहळू उतरून अधिक ७. गॅसवर स्लोला अधिक १६, २५०० वर अधिक ५. मग गेंडा सर्कलहून मनीषा चौकाकडे जाणाऱ्या उड्डाणपुलावर चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ताण दिला. पेट्रोलवर बेरीज अधिक ३ च्या आसपास राहिली, पूर्ण रेस दिली तेव्हा सेन्सर ०.८ व्होल्टच्या वर गेला, म्हणजे ताणाखाली इंधन भरपूर मिळत होतं.

पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर चढावर, ताणाखाली गाडी जास्त लीन झाली असती. इथे उलटं होतं, ताण वाढला की दोष नाहीसा होत होता. पेट्रोल पंपाचा दर काढून दिलेला कागद मी तिथेच बाजूला ठेवला. दोन्ही इंधनांवर दोष एकाच जागी, स्लोवर, दिसत होता. गॅसवरचा आकडा कमी का, हे कोडं मात्र तेव्हा शिल्लक राहिलं. त्याचं उत्तर शेवटी मिळालं.

हवा कुठून येते

स्लोवर लीन, रेस दिली की ठीक : हे वाचून दहातले नऊ मिस्त्री ‘व्हॅक्यूम लीक’ म्हणतील. ज्या गाडीत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर आहे तिच्यात हे बरोबर ठरतं, कारण सेन्सरच्या पुढे गळून आत आलेली हवा मोजलीच जात नाही. पण ही गाडी मॅप (एमएपी) सेन्सरवाली आहे, गॅसच्या मॅपशी या नावाचा संबंध नाही, म्हणजे ती इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा अंदाज बांधते. तिथे चोरून हवा आली तर दाब वाढतो, ईसीएमला तो दिसतो, ते तेवढं इंधनही वाढवतं आणि इंजिनचे फेरे चढतात. बहुतेक वेळा अशा गाडीत व्हॅक्यूम लीकचं लक्षण चढलेला स्लो हे असतं. इथे स्लो ७६० वर अगदी स्थिर होता आणि मॅनिफोल्डचा दाब ३४ किलोपास्कल, गरम इंजिनाला शोभेल असाच. तरी ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीची (इंजिनातले वायू परत आत घेणारी) नळी आणि इनटेकचं पॅकिंग पाण्याचा फवारा मारून पाहिलं. फेरे हलले नाहीत, ट्रिमही हलली नाही. या कामाला कार्ब क्लीनर वापरायची पद्धत सर्रास आहे. गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डशेजारी (सिलिंडरमधला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांशेजारी), त्यातही गॅसच्या गाडीत, तो फवारा पेट घेऊ शकतो. कृपया वापरू नका.

मग सेन्सर. नवा असला म्हणून खरा असतोच असं नाही, पण एका झटक्यात रेस दिली की तो ०.८५ व्होल्टवर उडी मारत होता, आणि रेस सोडून इंधन तुटलं की ०.०५ वर येत होता. उत्तर जलद आणि स्पष्ट. फक्त स्लोवर तो बराच वेळ खालच्या बाजूलाच रेंगाळायचा. म्हणजे सेन्सर धडधाकट होता आणि त्याला ऑक्सिजन खरोखरच जास्त दिसत होता. काकांच्या डिकीत जुना सेन्सर अजून पडलेला होता. तो बसवून पाहिला तर त्यानेही हेच सांगितलं.

गॅसवर बरीच वर्षं चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्हची सीट झिजून टॅपेटचं अंतर कमी होत जातं, कारण गॅस कोरडा असतो. व्हॉल्व्ह नीट बसला नाही तर त्या सिलिंडरमध्ये जळण अर्धवट होतं आणि ऑक्सिजन उरतो. ही शक्यता सोडता येत नव्हती, म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं. चारही सिलिंडर १६८ ते १७४ पीएसआयमध्ये. इंजिन निरोगी होतं.

कॉम्प्रेशनसाठी काढलेले प्लग बाकावर ओळीने मांडलेले होते. त्यांनी प्रकरणाची दिशा बदलली. चारही प्लग कोरड्या काजळीने काळे. लीन चालणाऱ्या इंजिनचे प्लग पांढरट, भाजल्यासारखे असतात. काजळी येते ती इंधन जास्त झाल्यावर. गॅसवर प्लग सहसा असे काळे होतही नाहीत. तिसऱ्या गॅरेजच्या सांगण्यावरून गाडी काही आठवडे फक्त पेट्रोलवर चालली होती, त्यामुळेच हा पुरावा तयार झाला. कोड म्हणत होता इंधन कमी, प्लग म्हणत होते इंधन जास्त. दोघंही खरे असायचे तर एकच मार्ग उरतो : सिलिंडरमधून वायू बाहेर पडल्यानंतर आणि सेन्सरपर्यंत पोचायच्या आधी त्यात बाहेरची हवा मिसळतेय. सेन्सरला ती हवा दिसते, ईसीएम इंधन वाढवतं, सिलिंडर रिच होतात, म्हणजे इंधन जास्त होतं, आणि सेन्सरपाशी पुन्हा हवा मिसळलेली.

एक्झॉस्टमधून वायू बाहेर येतो, हवा आत कशी जाईल, असं काकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. एक्झॉस्टमध्ये वायू सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मध्ये दाब वातावरणाच्या खाली उतरतो, आणि फट असेल तर तेवढ्यात हवा आत ओढली जाते. स्लोवर धक्के सावकाश असतात आणि वायू कमी असतो, म्हणून या हवेचं प्रमाण मोठं ठरतं. रेस दिली की वायूचा लोंढा वाढतो आणि तीच हवा नगण्य होते. स्लोवर अधिक २८ आणि २५०० वर अधिक ७, याची उकल इथे होते.

गाडीने मध्यंतरी पीयूसी सहज पास केली होती, त्यामुळे काका निश्चिंत होते. २०१४ च्या या बीएस-४ पेट्रोल गाडीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमची मर्यादा आहे, २५०० फेऱ्यांवर मोनॉक्साइड ०.२ टक्के आणि लॅम्डा (हवा-इंधनाच्या समतोलाचा आकडा) ०.९७ ते १.०३. ज्या वेगावर लॅम्डा मोजतात त्या वेगावर या गाडीचा दोष जवळजवळ नसतोच. स्लोवर मात्र ईसीएम सेन्सरपाशी समतोल साधतच होतं, आणि जादा मोनॉक्साइड फटीतून आलेल्या हवेबरोबर कन्व्हर्टरमध्ये जळून जात होता. सायलेन्सरच्या टोकाला हिशेब ठीक, बिघाड अलीकडे. पण जादा इंधन रोज कन्व्हर्टरमध्ये जाळणं म्हणजे त्याचं आयुष्य कमी करणं, आणि या गाडीत कन्व्हर्टरची किंमत इतर कुठल्याही पार्टपेक्षा जास्त. म्हणून ‘पास झालीय ना, मग चालू दे’ असं मी म्हणू शकलो नाही.

आवाज आणि बुडबुडे

गाडी रात्रभर प्रतापनगरच्या माझ्या गॅरेजमध्ये ठेवली. सकाळी थंड इंजिन सुरू करताच टक-टक-टक आवाज आला. माझ्या हाताखालचा मुलगा लगेच म्हणाला, ‘भाई, आ तो टेपेट जेवुं बोले छे.’ (भाई, हा तर टॅपेटसारखा बोलतोय.) तसाच वाटत होता खरा, आणि तिसऱ्या गॅरेजने टॅपेट का तपासले तेही कळलं. पण टॅपेटचा आवाज वरून, व्हॉल्व्ह कव्हरवरून येतो. रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं फिरवलं, तर आवाज एक्झॉस्टच्या बाजूला, गिअरबॉक्सकडच्या टोकाला सगळ्यात मोठा होता. काही मिनिटांत इंजिन गरम झालं आणि आवाज दबला. धातू तापून फुगतो, फट अरुंद होते. बंद होत नाही, फक्त कानाला ऐकू येईनाशी होते. काका गाडी वाड्याबाहेर सुरू करून ठेवत आणि मग आत जाऊन पिशवी घेऊन येत. त्यांना तो आवाज ऐकू न येण्याचं कारण हेच.

इंजिन बंद करून पूर्ण थंड झाल्यावर धूळ उडवायचा ब्लोअर सायलेन्सरच्या तोंडाला लावला, भोवती फडकं सैलसर गुंडाळलं. आतमध्ये थोडासा दाब तयार होतो, एवढाच पुरतो. साबणाचं पाणी जोडांवर सोडलं. मागच्या सायलेन्सरच्या जोडावर काही बुडबुडे आले. तो जोड सेन्सरच्या मागे आहे, त्याचा या कोडशी संबंध नाही, तरी तो नंतर घट्ट केला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर मात्र पत्र्याचं हीट शील्ड होतं आणि पाणी त्याच्या आतून फेस होऊन बाहेर आलं.

शील्ड काढलं. चौथ्या सिलिंडरच्या तोंडाशी हेडवर (इंजिनच्या वरच्या भागावर) काजळीचा लांब पट्टा होता आणि मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवणाऱ्या शेवटच्या स्टडचं, म्हणजे आटेदार दांड्याचं, टोक नटासकट गायब. स्टड हेडच्या पातळीतच तुटलेला. पुढचा ऑक्सिजन सेन्सर शील्डच्या भोकातून परस्पर काढता येतो. सेन्सर बदलणाऱ्याला शील्ड उघडायची गरज पडली नाही आणि तुटलेला स्टड त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर असूनही दिसला नाही.

टोकाचेच स्टड का तुटतात, तर मॅनिफोल्ड हेडपेक्षा खूप जास्त तापतो आणि लांबीच्या दिशेने फुगतो. मधल्या स्टडना ही हालचाल थोडीच जाणवते, टोकाच्या स्टडना सगळ्यात जास्त. दिवसातून अनेकदा तापायचं आणि निवायचं, दहा-अकरा वर्षं. त्यात गंज. पुराच्या पाण्याचा यात हात नव्हता.

काकांना फोन करून बोलावलं आणि दाखवलं. ते थोडा वेळ पाहत राहिले. ‘मग इतके दिवस दिवा खोटं बोलत होता म्हणायचं?’

‘नाही काका. सेन्सरजवळ हवा जास्त होती, तेवढं त्याने खरंच सांगितलं. ती कुठून आली ते त्याला कळत नाही, ते आपण शोधायचं.’

दुरुस्ती

हेड ॲल्युमिनियमचं असल्याने तुटलेला स्टड काढण्यात घाई चालत नाही. रात्रभर गंज सोडवणारं तेल मुरू दिलं. दुसऱ्या दिवशी तुटक्या टोकावर नट वेल्ड केला. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादी स्टड आखडतो-फुगतो आणि गंजाची पकड सुटते. नट कोमट होऊ दिला, मग पुढे-मागे पाव-पाव आटा फिरवत बाहेर काढला. हे जमलं नसतं तर मधोमध ड्रिल करावं लागलं असतं, आणि ड्रिल जरा कलंडलं की हेडचे आटे जातात.

मॅनिफोल्डचा तोंडाचा भाग सरळपट्टी आणि फीलर गेजने पाहिला. चौथ्या तोंडाकडे तो किंचित वाकलेला निघाला. तसाच नव्या पॅकिंगवर कसला असता तर काही महिन्यांत पुन्हा तीच गोष्ट. मकरपुऱ्यात नेऊन लेथवाल्याकडून तोंड सपाट करून आणलं. नवं पॅकिंग, सगळेच स्टड आणि नट नवे, मधून बाहेरच्या दिशेने टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचने कसले. जुने स्टड ‘चांगले दिसतात’ म्हणून ठेवण्यात अर्थ नव्हता, तीच वर्षं त्यांनीही काढलेली होती. पॅकिंग आणि स्टडचा खर्च नव्या सेन्सरच्या किमतीच्या पाव भागातही बसला. पैसे लागले ते मजुरीला.

त्यानंतरच कोड उडवला, शिकलेला हिशेब शून्य केला आणि गाडी पेट्रोलवर गावात फिरवली. स्लोवर बेरीज अधिक २, २५०० वर अधिक १. सकाळचा आवाज गेला. प्लग साफ करून बसवले होते, पुढच्या तपासणीत ते फिकट तपकिरी निघाले. ॲव्हरेज पुन्हा सोळाच्या जवळ आलं.

गॅसवर घेतल्यावर मात्र स्लोला बेरीज उणे १० आली. गॅसवरचा आकडा आधी पेट्रोलपेक्षा कमी का होता, त्याचं उत्तर हे. फट असताना किटवाल्याने ट्रिम खाली आणायला स्लोच्या भागातला मॅप वाढवून ठेवला होता. त्याने त्याच्या बाजूने बरोबरच केलं, लीन दिसलं म्हणून गॅस वाढवला. आता फट बुजल्यावर तोच वाढवलेला गॅस जादा झाला. हा आकडा तसाच सोडला असता तर ईसीएमने गॅसवर इंधन कमी करायची सवय लावून घेतली असती, आणि पेट्रोलवर येताच गाडी खरोखरच लीन चालली असती. म्हणून काकांना त्याच किटवाल्याकडे पाठवलं आणि आकडे लिहिलेला कागद सोबत दिला : पेट्रोलवर किती, गॅसवर किती, दुरुस्तीआधी आणि नंतर. कागद पाहून त्याने स्वतः मला फोन केला, स्लोचा मॅप खाली आणला आणि गॅस फिल्टरही बदलला. आता गॅसवर स्लोला अधिक २, २५०० वर अधिक ३.

एकाच्या कामाचा परिणाम दुसऱ्याच्या आकड्यात कसा उतरतो, हे मला या प्रकरणात फार जवळून पाहायला मिळालं. गॅसची गाडी तपासताना आकडे कागदावर लिहून मालकाच्या हाती द्यायची पद्धत मी तेव्हापासून प्रत्येक गाडीला ठेवली आहे. पुढच्या मिस्त्रीला कोरी पाटी मिळू नये.

दिवा त्यानंतर लागलेला नाही. पावसाळ्याआधी काका गाडी दाखवायला आले तेव्हा स्कॅनरवर सगळ्या चाचण्या पूर्ण होत्या आणि स्मृतीत एकही कोड नव्हता. त्या भेटीत एकच काम निघालं : गॅस सिलिंडरची तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) पुढच्या महिन्यात होती, ती करून घ्यायला सांगितलं.